दालियाचा पॉइंट

श्रीवर्धनहून मी निघाले त्या सकाळी अब्बा गाडीत बसले नाहीत. शारजाच्या एका गोदामात त्यांनी चोवीस वर्षं काढली होती, आणि विमानतळावर निरोप घेणं त्यांना आता सहन होत नाही असं अम्मी म्हणायची. ते अंगणात उभे राहिले, ड्रायव्हरला म्हसळ्याच्या पुढे रस्ता खराब आहे असं दोनदा सांगितलं, आणि खिडकीत वाकून मला म्हणाले, "निदा, तिथे जे दिसेल ते दिसू दे. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात." अम्मीने डबा दिला होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. ती मी माणगावच्या आतच संपवून टाकली, कारण विमानतळावर डबा उघडला तर लोक नाकाला रुमाल लावतील याची मला भीती होती. मुंबईला पोहोचेपर्यंत तीनदा साबणाने हात धुतले.

तुम्ही जे तिथे राहिलात, आणि माझ्यासारखे जे निघून आलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. जवळ्याचा वास निघून जातो. ज्या वासाबद्दल मला सांगायचं आहे तो अजून गेलेला नाही.

अब्बांच्या गल्फच्या पगारावर मी पाचगणीच्या एका इंग्रजी शाळेत वसतिगृहात शिकले. तिथे इंग्रजी आलं, काट्याने मासे खाता आले, आणि स्क्वॉश आलं. म्हणजे खेळता आलं नाही. शाळेत जुनं कोर्ट होतं, आणि धावताना मी अडखळायचे म्हणून खेळाच्या सरांनी मला वरच्या गॅलरीत बसवून गुण मोजायला लावलं. मी हळू बोलायचे, पण आकडे चुकायचे नाहीत. वर बसून खालच्यांकडे बघत राहणं मला आवडलं. कुणी आपल्याकडे बघत नाही, आणि आपल्याला सगळं दिसतं.

त्याच जोरावर मला दुबईत काम मिळालं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका टॉवरच्या तळमजल्यांवरच्या गच्चीवर, पोडियमवर, स्क्वॉशची एक अकॅडमी होती. मी कोऑर्डिनेटर. कोर्टांचं वेळापत्रक लावायचं, पालकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची आणि सामन्यांना पंच म्हणून बसायचं. राहायला शारजात मामूंकडे. मामूंचं इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रोज सकाळी सहाला ते दारावर टकटक करायचे, "यल्ला निदा, निघ, नाहीतर ट्रॅफिकमध्ये सडशील." मुमानी, म्हणजे मामी, दोन्ही मुलांशी आपल्या बोलीत बोलायची, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि तिघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं. पण मी काय बोलणार? मी स्वतः अम्मीला 'लव्ह यू' असं टाइप करायचे, आजवर तोंडाने कधी म्हटलेलं नव्हतं.

दालिया तिथे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. अलेक्झांड्रियाची. इजिप्तमध्ये ज्युनियर म्हणून तिचं नाव झालेलं होतं. पण तिथे चांगल्या मुली इतक्या आहेत की देशातल्या पहिल्या पंधरात येणारीलासुद्धा परदेशी स्पर्धांना जायला कुणी पुढे करत नाही. अकॅडमीचा मुख्य कोच तिच्याच शहराचा होता. इजिप्तचे खेळाडू कोचला कॅप्टन म्हणतात, म्हणून आम्हीही सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचो. त्याने तिच्या वडिलांना सांगितलं, पोरीला पाठवा, व्हिसा आमचा, वर्षभर इथल्या मुलींबरोबर सराव करेल, आणि पुढच्या सीझनला अकॅडमी तिला मोठ्या स्पर्धांना पाठवेल, इन्शाल्ला. वडील शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी विश्वास ठेवला.

स्क्वॉश तुम्ही पाहिलं नसेल. चार भिंतींचा एक खोका, त्यात दोघी जणी, दोघी एकाच भिंतीवर चेंडू मारतात. मध्ये जाळी नाही. त्यामुळे एकीच्या वाटेत दुसरी सतत येते, आणि जिने चेंडू मारून झाला तिने बाजूला होऊन वाट द्यायची हा या खेळाचा पहिला संस्कार. दालिया मारून बाजूला व्हायची ते इतकं सहज की ती मघाशी कुठे उभी होती ते आठवू नये. तिला बघताना मी एकदा गुण मोजायचेच विसरले.

त्या जागेची शिसारी मला एका दिवसात आली नाही. ती थोडी थोडी साचत गेली. ज्यूसच्या काउंटरशेजारी वजनकाटा होता. दर सोमवारी कॅप्टन दालियाला त्यावर उभं करायचा, पालक येत-जात असताना, आणि मग तिच्या दंडाची त्वचा चिमटीत धरून बोलायचा. बाजारात बांगड्याचे कल्ले वर करून बघतात तसा. "हे काय? परत गोड? बासबूसा खाल्लास?" पालक हसायचे. दालिया काउंटरवरच्या संत्र्यांकडे बघत राहायची. इथल्या श्रीमंत मुलींना त्या काट्यावर कधी उभं केल्याचं मला आठवत नाही.

त्या मुलींपैकी एक अन्विता. तिचे वडील सरदेसाई, पुण्याचे, इथे त्यांचा मोठा धंदा. अकॅडमीत त्यांचा पैसा होता, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाले, "अरे वा! पण तू मराठी किती छान बोलतेस!" मी थँक यू म्हटलं. श्रीवर्धनच्या मुलीने मराठी बोलल्याबद्दल पुण्याच्या माणसाने शाबासकी दिली, आणि मी त्याचे आभार मानले. घरी जाताना बसमध्ये त्या थँक यूची चव माझ्या तोंडात होती. जुन्या खोबऱ्यासारखी, खवट.

आणखी एक सांगते. खेळाडू घामाने ओले झालेले तळवे कोर्टाच्या बाजूच्या भिंतीला पुसतात. सगळेच पुसतात, खेळाची सवय आहे ती. दिवसाअखेर पांढऱ्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक तेलकट काळपट पट्टा उमटायचा. तो पुसायला मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पमधून एक माणूस यायचा. त्या भागाला इथे सगळे सोनापूर म्हणतात. एका संध्याकाळी तो कापड घेऊन भिंत घासत असताना सरदेसाई काचेबाहेरून मुलीला म्हणाले, "बॅकहँड सुधार, नाहीतर तुलाही सोनापूरला पाठवीन. मग बस भिंती पुसत." अन्विता म्हणाली, "डॅड, ग्रोस!" सगळे हसले. त्या माणसाला हिंदी येत होतं, मराठीही बरंचसं कळत असणार. त्याने हात थांबवला नाही. आणि मी हसले. मोठ्याने नाही. पंचाने हसावं तसं, ओठ मिटून.

वर्ष संपत आलं तेव्हा कॅप्टनने जाहीर केलं की पुढच्या सीझनला एकाच मुलीला पाठवायचं आहे. निवड सामन्यांमधून होईल. म्हणजे दालियाला जे कबूल केलं होतं त्यासाठी तिने आता खेळून दाखवायचं.  मलाच एकदा ड्रेसिंग रूमबाहेर म्हणाली, "हे गेलं तर व्हिसा पण गेला. मग खलास. बाबाने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय." तिचं इंग्रजी तोडकं होतं आणि माझं पाचगणीचं. मी म्हटलं, "यू विल बी फाइन." असली वाक्यं मला फार सफाईने येतात.

शेवटच्या सामन्यात ती आणि अन्विता राहिल्या. पंच मी. एकटीच, कारण दुसरा पंच आजारी होता. सामन्याआधी सरदेसाई वर गॅलरीत आले, माझ्या टेबलावर आंबाबर्फीचा डबा ठेवला, आणि म्हणाले, "तू आहेस ना वर? मग काळजी नाही. आपलं माणूस आहे." एवढंच. कुणीही मला काहीही करायला सांगितलं नाही. हे नीट समजून घ्या, कारण पुढे जे झालं त्याचा दोष मला दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

दोन-दोन गेम झाले. पाचव्यात दालिया दहा-नऊ. अकराव्या गुणाला सामना. रॅली लांबली, अन्विता दमली होती, तिने कोपऱ्यातून एक चेंडू कसाबसा परत केला. तो कोर्टाच्या मध्यावर पडला, टप्पा घेऊन उंच उठला. दालिया त्याच्यामागे रॅकेट उगारून उभी. आणि समोर, भिंत आणि तिच्या रॅकेटच्या मध्ये, अन्विता. वाट द्यायला ती हलली नाही. मारला असता तर चेंडू तिच्या पाठीत बसला असता. इतक्या जवळून लागला की महिनाभर निळा गोल राहतो. दालियाने हात आवरला. वर माझ्याकडे बघून म्हणाली, "लेट, प्लीज."

इथे पंचाकडे दोन निर्णय असतात. कुणाचा दोष नाही असं वाटलं तर 'लेट', म्हणजे रॅली पुन्हा खेळा. समोरची वाट अडवून उभी असेल आणि मारणारीचा गुण हक्काचा असेल तर 'स्ट्रोक', म्हणजे गुण तिला. खेळाडूने दाद मागायची ती 'लेट, प्लीज' याच शब्दांत मागायची असते, तिला स्ट्रोक हवा असला तरी. तो रिवाज आहे. हा स्ट्रोक होता. पाचगणीची सातवीतली मुलगीही सांगू शकली असती.

मी म्हटलं, "येस, लेट."

लाजाळू माणसाचा आवडता निर्णय तो. कुणी रागावत नाही, कुणी हरत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर मी शंका आली की लेट देत आले होते, आणि सगळे मला शांत आणि समंजस पंच म्हणायचे. पण त्या वेळी शंका नव्हती.

दालिया माझ्याकडे बघत राहिली. कॅप्टन खालून म्हणाला, "यल्ला, खेळ! तूच लेट मागितलास, तिने लेट दिला." पुढचा चेंडू तिने समोरच्या भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर मारला, तिथे लागला की गुण जातो. दहा-दहा. तिथून जिंकायला दोन गुणांची आघाडी लागते. मग दहा-अकरा, दहा-बारा. टाळ्या झाल्या. सरदेसाईंनी गॅलरीकडे बघून अंगठा वर केला.

क्लबांमध्ये एक पद्धत आहे, जगभर आहे म्हणतात: हरलेल्याने पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं. त्यानंतर लहान मुलींचा एक सामना होता. दालिया घामाने निथळत जिना चढून वर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि गुणांच्या कागदासाठी हात पुढे केला. मी उठले. ती माझ्या खुर्चीत बसली. हळू आवाजात तिने विचारलं, "निदा, तू काय पाहिलंस?"

"मला नीट दिसलं नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि कोर्टाकडे वळली. त्या दोन पोरी दहा-अकरा वर्षांच्या. तिसऱ्याच रॅलीत एक दुसरीच्या वाटेत आली, आणि दालियाचा आवाज सगळ्या हॉलमध्ये ऐकू गेला, "स्ट्रोक." मी बर्फीच्या डब्याजवळ उभी होते. नंतर खाली जाताना लिफ्टमध्ये अन्विता माझ्याबरोबर होती. मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली, "थँक्स फॉर दॅट, बाय द वे." म्हणजे तिलाही माहीत होतं.

पंधरा दिवसांत दालिया गेली. मला भेटायला आली नाही, आणि येण्याचं काही कारणही नव्हतं. तिच्या जागी वजनकाट्यावर दुसरी एक मुलगी आली, तीही इजिप्तची, सोळाची. कॅप्टनने तिचाही दंड चिमटीत धरला.

आमच्या कोर्टावर कॅमेरा असायचा. मी एका दुपारी ऑफिसात ती रॅली लावली. अन्विता कशी उभी होती ते पाहायचं नव्हतं, ते मला पाठ होतं. मला माझा आवाज ऐकायचा होता. किती वेळ विचार केला ते मोजायचं होतं. एक सेकंदही नाही. दालियाचं 'प्लीज' संपायच्या आत माझं 'येस' आलेलं. गोड, सभ्य, नाकातून किंचित इंग्रजी. तो आवाज घडवायला अब्बांनी चोवीस वर्षं गोदामात घालवली होती. मी टॉयलेटमध्ये जाऊन ओकले. त्यात शोभेचं काही नव्हतं, दुपारची बिर्याणी होती.

बकरी ईदला घरी गेले. श्रीवर्धनचं घर तसंच होतं, फक्त हॉलमध्ये मी पाठवलेला एसी. पाहुणे आले की अम्मी मला बोलावून दाखवायची. "आमच्या निदाचं दुबईत कुणाशी वाकडं नाही. कुणाला दुखवायची नाही कधी." पाहुण्या बायका माझ्या गालावरून हात फिरवायच्या. तिसऱ्या दिवशी जेवताना मी अब्बांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच एवढं सलग बोलले असेन. त्यांनी नीट ऐकलं. मग वाटीतलं कालवण भातावर घेत म्हणाले, "मग ठीकच केलंस की. मालकाची पोर. नोकरी गेली असती." आणि अम्मीला म्हणाले, "तिला अजून एक तुकडी वाढ."

ती तुकडी मी खाल्ली. पण त्या ताटावर बसून मला कळलं की जे मला दुबईत घाण वाटत होतं ते दुबईने मला दिलेलं नव्हतं. ते मी याच ताटातून घेऊन गेले होते. लहानपणापासून त्याला गुण म्हणत आलो आम्ही.

परत गेल्यावर मी ईमेल लिहिला. कॅप्टनला, सरदेसाईंना, अकॅडमीच्या ऑफिसला, आणि दालियाला. चार वाक्यं. 'निवडीच्या शेवटच्या सामन्यात दहा-नऊवर मी दिलेला निर्णय चुकीचा होता. तो स्ट्रोक होता, त्यामुळे सामना दालियाने जिंकला होता. हे मला त्याच वेळी माहीत होतं. सोबत व्हिडिओ जोडला आहे.' पाठवायच्या आधी 'कदाचित' हा शब्द मी दोनदा घातला आणि दोनदा काढला.

कॅप्टन हसला. "हबीब्ती, एक पॉइंट! सीझन सुरू झाला. खलास." सरदेसाईंचा फोन आला. "निदा, अगं हे काय करून बसलीस? इथे आपण मराठी माणसांनी एकमेकांना धरून राहायचं की..." मी गप्प होते. गप्प बसणं मला येतं. मग त्यांचा आवाज बदलला. "जाऊ दे. तुम्हा लोकांवर विश्वास ठेवायचाच नसतो." फोन 'आपण'पासून सुरू झाला होता आणि 'तुम्हा लोकां'वर येऊन संपला. महिनाअखेरीला माझं काम संपल्याचं पत्र आलं. सीझनची जागा अन्विताकडेच राहिली.

दालियाचं उत्तर आठ दिवसांनी आलं. 'तू हे माझ्यासाठी लिहिलं नाहीस. स्वतःसाठी लिहिलंस. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी प्रिंट काढून घेतली.' खाली कैरोच्या एका छोट्या स्पर्धेचा ड्रॉ जोडलेला होता. पात्रता फेरीत, अगदी तळाशी, तिचं नाव. मला माफ केलं असं तिने कुठे म्हटलं नव्हतं, आणि तसं तिने म्हणावं असं मलाही वाटत नाही. त्या फेरीत ती जिंकली, पुढच्या फेरीत हरली. मी ते इंटरनेटवर पाहिलं. अजूनही पाहते. ती आता एकोणीसची आहे, क्रमांक चढतो आहे, फार हळू. इथे तिचं एक अख्खं वर्ष वाया गेलं, आणि ते कुठल्याच क्रमवारीत दिसत नाही.

मामूंनी ओळखीच्या एका फ्रेट कंपनीत मला चिकटवलं. शारजातच. "आता इथे तरी पंच होऊ नकोस, बाई," ते म्हणाले, पण म्हणताना हसत होते. मुमानी चार दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. शनिवारी मी एका शाळेच्या कोर्टावर मुलांच्या सामन्यांना बसते. माझ्या निर्णयांवर पालक चिडतात. चिडलेल्या माणसाकडे बघताना माझे तळवे अजून ओले होतात, आणि मी ते भिंतीला पुसत नाही.

नोकरी गेल्याचं घरी कळवलं तेव्हा अब्बा म्हणाले, "माफी मागून घे. घेतील परत." मी म्हटलं, "नाही, अब्बा." मी त्यांना आयुष्यात याआधी 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही, त्यांनाही आठवलं नसावं, कारण त्यांनी फोन अम्मीकडे दिला. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. अम्मी स्पीकर चालू ठेवायची. ते तिथेच बसलेले असायचे, मला त्यांचं खोकणं ऐकू यायचं.

तिथे राहिलेल्यांना वाटतं, आम्हाला घराची ओढ लागते. मला बराच काळ घराची किळस वाटत होती. मला भित्रं करून वर शहाणी म्हणणाऱ्या त्या माणसांची, आणि त्यांच्यावर माझा जीव आहे याची. घर बदललं की सुटका होईल असं मी मानलं होतं. पण पाचगणी, शारजा, दुबई, सगळीकडे तेच घर मी पाठीवर घेऊन फिरले आणि त्याच्याच तोंडाने बोलले.

मागच्या शुक्रवारी दुपारी फोन चालू होता. अम्मी कोलंबीच्या लोणच्याबद्दल काही सांगत होती. मध्येच मागून अब्बांचा आवाज आला. थेट मला नाही, हवेतच विचारल्यासारखा.

"त्या इजिप्तच्या पोरीने मारला असता, तर चेंडू समोरच्या पोरीला लागला असता?"

"हो, अब्बा. पाठीत."

"म्हणून तिने हात थांबवला."

"हो."

अम्मीचं लोणचं मध्येच राहिलं. मग ते म्हणाले, "म्हणजे पॉइंट तिचाच होता."

मी "हो" म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी बरोबर केलं असंही म्हणाले नाहीत, आणि चुकलं असंही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ते बाहेर गेले. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी त्या हॉलचं नाव सांगेन, जिथे हे वाक्य एकदा मोठ्याने म्हटलं गेलं. त्या वाक्याला दोन महिने लागले, त्यात माझी नोकरी गेली, आणि त्याने दालियाला काहीही परत मिळालं नाही. तरी ते त्या घरातून आलं. म्हणून पुढच्या सुट्टीचं तिकीट काढलं आहे.